चरणपूरचा खरा उपरा

१५ ऑगस्ट जवळ आला की आमच्या नागपूरच्या फॅमिली ग्रुपवर ‘स्वदेस’ची गाणी पडू लागतात. मागोमाग धरमपेठच्या आतेभावाचा ठरलेला सवाल : "काहून बे, वापस कधी येतो?" मग दोन तट पडतात. एक म्हणतो, बाहेर बसून देशावर बोलू नका. दुसरा म्हणतो, इथे काय ठेवलंय, तिथेच राहा. मी जर्मनीतल्या एका खेड्यात राहतो, म्हणून दोघांनाही उदाहरणाला बरा पडतो.

आशुतोष गोवारीकरांचा हा सिनेमा २००४चा. नासातला मोहन भार्गव लहानपणी आपल्याला सांभाळणाऱ्या कावेरीअम्माला न्यायला चरणपूरला येतो आणि गावात गुंततो. कथेतलं हे गाव उत्तर प्रदेशातलं, पण चित्रीकरण वाईजवळच्या मेणवलीत झालेलं. सिनेमा मला अजूनही आवडतो. शाहरुख इतका शांत क्वचितच दिसला असेल. माझी कुरकुर ग्रुपवर त्यातून काढल्या जाणाऱ्या अर्थाबद्दल आहे : परदेशी गेलेला हुशार पोरगा परतला की गाव सुधारतं.

मोहन येतो तो कॅराव्हॅन आणि बाटलीबंद पाणी घेऊन. पंच त्याच्यावर चिडतात, पण ऐकून घेतात. नाहीच जमलं तर तो परत जाऊ शकतो, आणि मध्यंतरी जातोही. सिनेमातल्याच हरिदास या विणकराला ती सोय नाही. पिढीजात विणकाम सोडून शेती करायला गेला, तर लोक त्याच्याशी फटकून वागू लागले. माणूस पंचक्रोशीतलाच, बोली तीच, तरी उपरा ठरला तो. पडद्याचा प्रसंगही आठवा. गावात सिनेमा लागतो तेव्हा ‘खालच्या’ जातींच्या लोकांना पडद्यामागे बसून तो उलटा बघावा लागतो. मोहन पडदा उतरवतो, गाणं होतं, सगळे एकत्र येतात. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर काय झालं, ते सिनेमा दाखवत नाही.

नागपूरकरांना तरी हे सांगायला लागू नये. ४ नोव्हेंबर १९४८ला संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना चांगलंच सुनावलं होतं. १४ ऑक्टोबर १९५६ला याच शहरात लाखोंनी त्यांच्यासोबत धम्म स्वीकारला. पडदा उतरवायला कोणी बाहेरून येईल, याची वाट बघत ते बसले नव्हते. गाव सोडून नागपूरच्या गिरण्यांत आलेल्यांची नातवंडं आज आपल्याच ऑफिसांत आहेत. गावाला परत जायचं का, हा प्रश्न त्यांना विचारून बघा.

आमचं इथलं जर्मन खेडंही काही कमी कडक नाही. रविवारी गवत कापायचं यंत्र लावलं की शेजारी दारात. आग विझवणारं दल गावातल्याच स्वयंसेवकांचं, आणि त्यात आजोबा-बाप-लेक अशी तीच ती आडनावं. मी त्यात शिरलो, पाइप गुंडाळायला शिकलो, तेव्हा कुठे बेकरीत लोक नावानं हाक मारू लागले. पण घर मला त्याआधीच मिळालं होतं. खिशात इंजिनिअरच्या नोकरीचा करार होता ना! त्याच गल्लीत घर शोधणाऱ्या एका सीरियन कुटुंबाला मालकांनी गोड बोलून परत पाठवलं. त्यांचा थोरला मुलगा आता आमच्या दलात आहे, सायरन वाजला की बहुतेक वेळा माझ्याआधी पोचतो. राहायला मात्र ते सगळे अजून गावाबाहेरच्या निर्वासितांच्या निवाऱ्यातच आहेत.