दहा वर्षांनी नियम बाद? छे!

‘दहा वर्षांहून जुने सरकारी नियम गोव्यात आपोआप रद्द, जुनी फी भरू नका’ असा मेसेज म्हापशापासून काणकोणपर्यंत फिरतोय. तो खोटा आहे. कायद्यात किंवा नियमातच मुदत लिहिली असेल, तरच तो त्या तारखेला संपतो. दहशतवादविरोधी कायदा टाडा असाच १९९५ मध्ये संपला. एरवी रद्द होईपर्यंत नियम चालूच. वयच काढायचं तर पोर्तुगीज काळातले कायदे बघा! १९६२ च्या गोवा, दमण व दीव प्रशासन कायद्याने ते दुरुस्त किंवा रद्द होईपर्यंत कायम ठेवले. १८६७ च्या दिवाणी संहितेतल्या काही तरतुदी आजही लागू आहेत. घोळ बहुधा वटहुकमावरून, म्हणजे अधिवेशन नसताना राज्यपाल काढतात त्या तात्पुरत्या कायद्यावरून, झाला असावा. विधानसभेने कायदा केला नाही, तर अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांनी तो संपतो. नियमांनाही मुदत हवी, ही मागणी रास्तच. पण तूर्त फी भरा.