घोटा मुरगळला की ‘तिसऱ्या दिवशी मैदानात’? जरा थांबा

परभणी-हिंगोलीकडच्या व्हॉलीबॉल ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘घोटा मुरगळला? चालता येतंय म्हणजे हाड शाबूत. गरम तेलाने जोरात चोळा, नस बसवून घ्या, पट्टी आवळा, तिसऱ्या दिवशी मैदानात. उंच बूट घातले तर पाय मुरगळतच नाही.’ सल्ला ठाम आहे, पण खरा नाही.

चालता येणं हा पुरावा नव्हे. कॅनडात 1992 साली डॉक्टरांनी एक्स-रे कधी काढायचा याचे साधे नियम प्रसिद्ध केले, ते आज जगभर वापरतात. घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या हाडाची मागची कड, खालचे 6 सेंटिमीटर, बोटाने दाबून बघा. तिथे किंवा हाडाच्या टोकाला दुखलं तर एक्स-रे काढायचा, मग गडी चालत आलेला का असेना. करंगळीकडच्या लांब हाडाच्या बुडाशी दुखलं तरी तेच. चार पावलंही टाकता येत नसतील तर विचारायलाच नको.

चोळण्याबद्दल थोडक्यात. तिथे कुठली नस सरकलेली नसते. घोट्याच्या बाहेरच्या बाजूचा लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडणारा पट्टा, ताणलेला किंवा फाटलेला असतो. पहिले दोन-तीन दिवस शेक आणि रगडणं यांनी सूज वाढते. पाय उंच ठेवा, क्रेप बँडेज बांधा, पण बोटं बधिर होतील इतकी आवळू नका. बर्फ कापडात गुंडाळून लावा. त्याने ठणका कमी होतो, पण लिगामेंट लवकर जुळतो असं नाही.

सगळ्यात घातक आहे तो ‘तिसरा दिवस’. मुरगळण्याचा सगळ्यात मोठा धोका असतो तो आधी मुरगळलेल्या घोट्याला. लिगामेंट जुळायला आठवडे लागतात. शिवाय पाऊल वाकडं पडतंय हे ओळखून सावरण्याची घोट्याची क्षमताही मंदावते, आणि ती नुसत्या आरामाने परत येत नाही. रोज एका पायावर उभं राहायचं, मग डोळे मिटून, मग घडी घातलेल्या पोत्यावर. त्याच पायावर न दुखता उडी मारून स्थिर उतरता आलं की स्मॅशला जा. दुखावलेल्या घोट्याला निदान सहा महिने लेसवाला ब्रेस, म्हणजे नाडीने आवळायचा आधारपट्टा, घाला.

बुटांचं म्हणाल तर बास्केटबॉल खेळाडूंवरच्या 1993 सालच्या अमेरिकी चाचणीत उंच आणि आखूड बुटांत फरक दिसला नाही. पाय मुरगळतो तो मुख्यतः नेटजवळ, ब्लॉक किंवा स्मॅशनंतर दुसऱ्याच्या पावलावर उतरल्याने. पाऊल मध्यरेषेपलीकडे गेलं, पण थोडा भाग रेषेवर राहिला, तर नियमाने फाउल नाही. म्हणून पंच काही बोलत नाही आणि समोरच्याचा घोटा जातो. नॉर्वेत 1990 च्या दशकात खेळाडूंना नेटपासून मागे राहून उडी घ्यायला, दोन पायांवर उतरायला शिकवलं, वारंवार मुरगळणाऱ्यांकडून तोल साधण्याचा सराव करून घेतला. घोट्याच्या दुखापती जवळपास निम्म्या झाल्या.

मैदानाबद्दल मेसेजात अवाक्षर नाही. आपल्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, आणि स्पर्धा नेमक्या तेव्हाच. मंडळांनी बक्षिसाच्या रकमेतून आधी एक ट्रॉली मुरूम आणि रोलर सांगावा.