न बघितलेल्या सिनेमांची शिफारस बंद करा रे

सिनेमा न बघता सिनेमावर मत देणाऱ्या लोकांनी माझं डोकं उठवलंय, आणि आज मी हे लिहून मोकळा होणारच आहे. ऑफिसात, पणजी-मडगाव शटलमध्ये, सकाळच्या भाजीपावाच्या टेबलावर, लग्नाच्या पंगतीत, जिथे जाल तिथे प्रत्येकाकडे प्रत्येक सिनेमाचं मत तयार असतं. आणि एकच प्रश्न विचारा, कुठे बघितलास? मग सुरू होतं. "नाही, मी रिव्ह्यू बघितला." "रील्स बघितली ना, कळलं सगळं." "अर्धा बघितला, मग झोप आली." अरे मग बोलतोस कशाला? बघितला नाहीस तर नाही बघितला म्हण ना, कोणी दंड लावत नाहीये. पण नाही, बंडल आहे, बोअर आहे, पैसे वाया, हे सगळं तो छातीठोक सांगणार आणि समोरचे चार जण मान डोलावून आपला शनिवारचा बेत रद्द करणार.

आणि ज्यांनी खरंच बघितलाय त्यांची तऱ्हा वेगळी. "बरो आसा मरे, पळय." म्हणजे बरा आहे रे, बघ. झालं, एवढीच शिफारस. काय बरा आहे? कोणासाठी बरा आहे? माझ्या आईचे गुडघे दुखतात, ती पावणेतीन तास एका खुर्चीत बसू शकत नाही, मला लांबी कळायला हवी. बहिणीची मुलगी लहान आहे, मारामारीत रक्त किती दाखवलंय ते कळायला हवं. सिनेमा संथ आहे का, आवाज फार मोठा आहे का, भाषा मालवणी आहे की नागपुरी, सबटायटल आहेत का, रडायला लावतो का, हे सांगायला किती वेळ लागतो, दोन मिनिटं? एकदा एका नातेवाईकाने "एकदम फॅमिली पिक्चर, सगळ्यांना घेऊन जा" असं सांगितलं म्हणून आम्ही अख्खं घर घेऊन गेलो आणि इंटरव्हलच्या आधीच पोरगी रडत बाहेर, तिच्यामागे तिची आई बाहेर, तिकिटांचे पैसे गेले ते गेले वर पोरगी रात्री झोपायला तयार नाही. नंतर त्याला विचारलं तर म्हणतो, मी ट्रेलर बघून सांगितलं होतं. ट्रेलर बघून! दुसऱ्याच्या घरातल्या पोरांना कुठे पाठवतोय याचा काही विचार?

पण खरा राग मला येतो तो मराठी सिनेमाच्या बाबतीत. इथे गोव्यात मराठी सिनेमा लागतो म्हणजे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. शुक्रवारी लागतो, शो मोजके, त्यातला एखादा भर दुपारी जेव्हा कामावरचा माणूस जाऊच शकत नाही, आणि सोमवारपासून खुर्च्या रिकाम्या दिसल्या की पुढच्या शुक्रवारी तो गेलेला असतो, त्याच्या जागी मोठा हिंदी नाहीतर डब केलेला साउथचा. म्हणजे त्या सिनेमाच्या हातात काय असतं? शुक्रवार, शनिवार, रविवार. या तीन दिवसांत ज्यांनी बघितला त्यांनी पुढच्या माणसाला सांगितलं तर तो टिकणार. आणि आपले लोक काय करतात? बघून येतात, गप्प बसतात, आणि सिनेमा उतरल्यावर पंधरा दिवसांनी लिहितात, "अप्रतिम, प्रत्येक मराठी माणसाने थिएटरमध्येच बघावा असा." आता कुठल्या थिएटरमध्ये बघू रे? म्हापशात नाही, फोंड्यात नाही, पणजीत नाही. शनिवारी सकाळी सांगायला काय झालं होतं? जेवणाच्या ताटाचा फोटो टाकायला दोन मिनिटांत वेळ मिळतो.

आणि मग ते दुसरे, ओटीटीवर येईल तेव्हा बघू वाले. येईल की नाही याची काही खात्री नसते, आला तर कधी येईल याचीही नसते, आणि आला तरी तुम्ही बघणार कसा ते मला माहीत आहे, दीडपट स्पीडवर, एका हातात मोबाईल, दुसऱ्या हाताने भाजी ढवळत, मध्येच फोन, मध्येच कुरिअरवाला. आणि त्यावरून मत काय, "काही पकडच घेत नाही." तू त्याला पकड घेऊ दिलीस कुठे? दिग्दर्शकाने एखादा प्रसंग मुद्दाम शांत ठेवलाय, त्यातच सगळं आहे, आणि तू तो दहा-दहा सेकंद पुढे ढकललास.

२०२५ च्या सप्टेंबरात 'दशावतार' आला. दिलीप प्रभावळकर, वय ८१, मुख्य भूमिकेत, कोकणातल्या दशावतारी कलाकाराची गोष्ट. हा सिनेमा आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज आहे? पेडण्यात, डिचोलीत जत्रेला देवळासमोर रात्र रात्र जागून दशावतार बघत आपल्या घरातले लोक मोठे झाले, आजही बघतात. आणि तरी इथे शिफारस कशी चालली होती, "मराठीतला कांतारा आहे, बघ." मला इतका संताप आला ना. कांतारा चांगला असेल, आपल्या जागी असेल, पण तुझ्या गावच्या देवळासमोर उभा राहणारा दशावतारातला संकासुर तुला ओळखीचा नाही आणि कानडी सिनेमाचं नाव घेतल्याशिवाय तुला आपल्या माणसाला थिएटरपर्यंत नेता येत नाही? प्रभावळकरांच्या कामाबद्दल बोल. रंग चढवताना त्या चेहऱ्यात काय काय होतं ते बोल. दशावताराचं जे रूप त्यात दाखवलंय ते तुला खरं वाटलं का, काय खटकलं, ते तू, इथला माणूस म्हणून, सांगू शकतोस, मुंबईचा समीक्षक तेवढं सांगू शकत नाही. ते सोडून तुलना.

शेवट सांगणाऱ्यांबद्दल तर काय बोलू. यांना माफीच नाही. 'वाळवी' आला होता जानेवारी २०२३ मध्ये, परेश मोकाशींचा, त्याला पुढे सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. त्या सिनेमाची मजाच पुढे काय होणार हे माहीत नसण्यात आहे, पहिल्या काही मिनिटांतच पायाखालची जमीन सरकते आणि मग सरकतच राहते. आणि आमच्याकडे एक काका बाराव्याच्या जेवणाला, हो, बाराव्याच्या जेवणाला, भातावर वरण वाढून घेता घेता अख्खी गोष्ट सांगून मोकळे. मी म्हटलं काका थांबा, आम्ही उद्या जाणार आहोत. तर म्हणतात, "अरे सांगितलं म्हणून काय झालं, बघायला मजा येतेच." नाही येत! तुम्ही कोरा बसून बघितलात, तुम्हाला मिळाली ती मजा, आमची तुम्ही काढून घेतलीत. आणि वयाने मोठे म्हणून आम्ही काही बोलायचं पण नाही, वाटी पुढे करून ताक घ्यायचं.

आणि आपण मन लावून चांगलं लिहून पाठवलं, का बघावा, कुठे लागलाय, किती वाजता आहे, सगळं, तर पहिलं उत्तर काय येतं? "लिंक आसा?" सिनेमा लागून तीन दिवस झालेत, लोकांनी घरं गहाण टाकून बनवलेले असतात हे सिनेमे, आणि याला लिंक हवी. कोणीतरी थिएटरात बसून मोबाईलवर चोरून काढलेला, मध्ये लोकांची डोकी दिसतायत, आवाज विहिरीतून आल्यासारखा. २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायदा सुधारला, असं रेकॉर्डिंग करणाऱ्याला कमीत कमी ३ महिने ते ३ वर्षं कैद आणि कमीत कमी ३ लाख दंड आहे, तरी आपल्या चांगल्या शिकलेल्या, सरकारी नोकरीतल्या, मुलांना संस्कार शिकवणाऱ्या लोकांना फुकट लिंक मागायला लाज वाटत नाही. आणि तोच माणूस त्या फाटक्या प्रिंटवरून "कॅमेरावर्क काही खास नाही" असं सांगत फिरतो.

बाहेरच्या लोकांना वाटतं गोवा म्हणजे सिनेमाचं गाव. २००४ पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, इथेच होतो, नोव्हेंबरात पणजीत गळ्यात कार्ड घातलेली माणसं सगळीकडे दिसतात. ते नऊ दिवस मला फार आवडतात, खरंच सांगतो, पण त्याच्यानंतरचा महिना मला नकोसा होतो. कारण वीस मिनिटं एक सिनेमा, उठून वीस मिनिटं दुसरा, मध्ये दार उघडझाप करून बसलेल्यांच्या डोळ्यावर उजेड मारत, अशी फिरणारी मंडळी नंतर महिनाभर सांगत बसतात की इराणचा तो भारी होता आणि पोलंडचा तो टाकाऊ. पूर्ण बघितला होतास? नाही. मग त्या पोलंडवाल्याने तुझं काय घोडं मारलंय?

आणि आपल्याच मातीतला सिनेमा? लक्ष्मीकांत शेटगावकरांच्या 'पलतडचो मुनिस' या कोंकणी सिनेमाला २००९ मध्ये टोरोंटोच्या चित्रपट महोत्सवात समीक्षकांचा फिप्रेस्की पुरस्कार मिळाला. नाव काढा, सगळे म्हणतील गोंयचो अभिमान. किती जणांनी बघितलाय विचारा, सगळे खाली बघतात. अभिमान कसला बाळगता न बघितलेल्या गोष्टीचा? याच्या उलट बार्द्रॉय बार्रेतो यांचा कोंकणी 'नाचॉम-या कुंपासार' बघा, त्याला तीन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, पण नेहमीसारखा मल्टिप्लेक्समधून वितरित न होता तो हॉलमध्ये खेळ लावून लावून लोकांपर्यंत गेला, आणि लोक गेले ते एकाने दुसऱ्याला सांगितलं म्हणून. बघून आलेला माणूस घरी जाऊन आईला सांगायचा, आई शेजारणीला, शेजारीण चर्चमध्ये. म्हणजे जमतं ना आपल्याला? याच गोव्यात जमलं ना? मग मराठी सिनेमाच्या वेळी जीभ कुठे जाते?

हे सगळं मी लिहितोय कारण आत्ताच ग्रुपवर परत मेसेज पडलाय, "वीकेंडला काय बघू, सजेस्ट करा प्लीज." विचारणारा तोच, ज्याला मागच्या वेळी मी मोठा मेसेज लिहून थिएटर, वेळ, सगळं दिलं होतं आणि तो घरी बसून पाचव्यांदा तीच जुनी सिरीयल बघत बसला. यावेळी मी उत्तर देणार नाहीये. आधी मागच्या वेळी सांगितलेला सिनेमा पूर्ण बघ, विकत घेऊन बघ, नाही आवडला तर का नाही आवडला ते चार ओळी लिही, शिव्या घाल हवं तर, मी वाचेन, भांडेन पण. मग विचार पुढचा.