पेपरबॅकनं वाचन सवंग केलं?

चवथीच्या आधीपासून आमच्या फोंड्याच्या गटात एक मजकूर फिरतोय. ‘पेपरबॅक हा पेंग्विनचा शोध. त्यानं वाचन सवंग केलं. आम्हा गोंयकारांना त्याची गरजच नव्हती, आमच्याकडे 1556पासून छापखाना आहे. आणि असली पुस्तकं टिकतात किती?’ आमच्या मास्तरांनीही तो पुढे पाठवला, म्हणून हे उत्तर.

शोधाचं आधी. पेंग्विन या ब्रिटिश प्रकाशनसंस्थेची पहिली दहा पेपरबॅक, म्हणजे कागदी वेष्टनातली पुस्तकं आली 1935च्या जुलैत. जर्मनीत रेक्लाम प्रकाशनाची कागदी वेष्टनातली स्वस्त माला 1867पासून चालू होती. पेंग्विन काढणाऱ्या ॲलन लेननं बदलली ती किंमत आणि विक्रीची जागा. नवी बांधीव कादंबरी साधारण साडेसात शिलिंगांना मिळे, त्याचं पुस्तक सहा पेन्सांना, म्हणजे पंधरावा भाग. दहा सिगरेटींचं पाकीटही तेवढ्यालाच. वूलवर्थ या सामानसुमानाच्या दुकानानं 63,500 प्रती मागवल्या आणि पुस्तक कंगवे-बटणांच्या शेजारी जाऊन बसलं. जत्रेच्या फेरीत खाजे घेता घेता हरिपाठ घेणाऱ्याला यात नवल वाटायचं कारण नाही.

आता 1556. अभिमान मलाही आहे. पण तो छापखाना होता जेझुइटांच्या सेंट पॉल कॉलेजात, धर्मप्रसारासाठी. फादर स्टीफन्स यांचं मराठीतलं ‘क्रिस्तपुराण’ 1616मध्ये रायतुरला छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. देवनागरी वाचणाऱ्या शेजाऱ्याला त्याचा काय उपयोग? 1684मध्ये तर व्हाइसरॉयनं लोकांच्या बोलीवरच, कोंकणीवरच, बंदी घातली. छपाई सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात थांबली ती 1821पर्यंत. पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारच्या काळात छापण्याआधी सरकारी तपासणी, म्हणजे पूर्वनियंत्रण, होतंच. यंत्र पहिलं आलं म्हणून वाचक पहिला झाला, हे गणित जुळत नाही. त्या काळात काम केलं ते पातळ पुस्तिकांनी. गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्यातल्या त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हांचं ‘डीनॅशनलायझेशन ऑफ गोवन्स’ 1944चं, एक पुस्तिकाच. तिला कापडी बांधणी करत बसले असते तर झालंच!

‘सवंग’ हा शब्द मला सर्वांत खटकला. पहिल्या दहांत ॲगाथा ख्रिस्ती होती, तशीच हेमिंग्वेची कादंबरी आणि कवी शेलीचं चरित्रही. आपल्याकडे बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांनी किती जणांना वाचनाची चटक लावली, हे मास्तरांच्याच पिढीला विचारा. डॉ. आंबेडकरांनी ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ 1936मध्ये स्वतः छापलं, किंमत आठ आणे. 1500 प्रती दोन महिन्यांत संपल्या. गोविंद पानसरेंची ‘शिवाजी कोण होता?’ ही छोटी पुस्तिका 1988ची, तीही सभा-मोर्च्यांत हातोहात गेली. यातलं हलकं कोणतं?

आणखी एक गंमत. 1937मध्ये पेंग्विननं गंभीर विषयांची स्वस्त ‘पेलिकन’ माला काढली, तिच्या पहिल्या संपादकांत व्ही. के. कृष्ण मेनन होते. डिसेंबर 1961मध्ये गोव्यात फौज आली तेव्हा संरक्षणमंत्री तेच. यावरून काही सिद्ध होत नाही, पण पेपरबॅकशी गोंयकारांचं नातं काय, असं विचारणाऱ्याला हे सांगायचा मोह आवरत नाही.

टिकण्याचा मुद्दा मात्र मास्तरांचा, मान्य. डिंकावर चिकटवलेली पानं आपल्या पावसाळ्यात सुटतात. पण बुरशी बांधीव पुस्तकालाही सोडत नाही, आणि पुठ्ठ्यामागची खळ तर कसरीला भारीच आवडते. माझ्याकडच्या दोन जाड ग्रंथांची पानं तिनं जाळीदार केली आहेत. आईच्या जत्रेतल्या हरिपाठाला आम्ही गोणीच्या सुईनं टाके घातले. तो रोज उघडतो, त्यामुळे त्याच्यात कसर शिरलेली नाही.