‘जुना माल गळ्यात मारला’ या तक्रारीला दुकानाकडून उत्तर

नमस्कार,

तुम्ही दिलेला एक तारा आणि त्याखालचा मजकूर शनिवारी रात्री वाचला. तेव्हाच उत्तर लिहिलं असतं तर चिडून लिहिलं असतं. म्हणून दोन दिवस थांबलो आणि तुम्ही नेलात त्याच खोक्यातले उरलेले रंगांचे दोन संच उघडून बसलो.

वाचणाऱ्यांसाठी तक्रार थोडक्यात सांगतो. दिवाळीच्या किल्ल्यासाठी मुलीबरोबर रंगवायला तुम्ही आमच्याकडून 54 मिलिमीटरचे 12 रेझिनचे मावळे, सवलतीतला 10 बाटल्यांचा ॲक्रिलिक संच आणि एक थिनर, म्हणजे रंग पातळ करायचं द्रावण, नेलंत. पांढरा दह्यासारखा फुटला, लालमध्ये खडे निघाले, पिवळ्याचे पाच हात देऊनही खालचं राखाडी प्रायमर, म्हणजे रंगाआधीचं अस्तर, दिसत राहिलं. दुकानात फोन केलात, आमचा मुलगा म्हणाला ‘पाणी घाला’. पाणी घातल्यावर रंग अंगरख्याच्या चुण्यांत जाऊन बसला आणि छाती-खांदे उघडे पडले. वर तुम्ही लिहिलंत की आम्ही एक्सपायरी खोडून माल खपवला.

खोडाखोडीचं आधी. ती केलेली नाही. या बाटल्यांवर एक्सपायरीची तारीख नसतेच, फक्त बॅच नंबर असतो, आणि आमचं किमतीचं लेबल नेमकं त्याच्यावर चिकटवलेलं होतं. काढताना शाई पुसली जाते, मी करून पाहिलं. आता लेबल बाटलीच्या बुडाला लावतो. एवढ्या एका मुद्द्यावर माझं तुमच्याशी पटत नाही. बाकीच्यात बहुतेक चूक आमचीच निघाली.

माल जुना होता. 2021 च्या खरेदीतला, आणि त्यानंतरचे सगळे उन्हाळे त्याने आमच्या माळ्यावर पत्र्याखाली काढले. एप्रिल-मेमध्ये तिथे क्षणभर उभं राहवत नाही, रंगाचं काय होत असेल! पाटीवर आम्ही ‘सवलत’ लिहिलं, ‘जुना साठा’ लिहिलं नाही. लिहायला हवं होतं.

ते का लिहिलं नाही, त्याला एक घरगुती कारण आहे. काउंटरमागे वडिलांच्या हातची एक पाटी होती, ‘रंग कधी बाद होत नाही, वापरणारा बाद होतो’. गिऱ्हाइकं हसायची, फोटो काढायची. वडिलांचा काळ इनॅमलचा, म्हणजे तेलावरच्या रंगांचा, हम्ब्रोल कंपनीच्या 14 मिलिलिटरच्या त्या इवल्या डब्यांचा. इनॅमलवर हवेने साय धरते, ती सुरीने कापून बाजूला केली की खाली रंग जिवंत असतो, टर्पेंटाइनचे चार थेंब टाकून ढवळला की कामाला लागतो. त्या रंगापुरती पाटी खरी होती. ॲक्रिलिकचं गणित वेगळं आहे, आणि तीच पाटी ॲक्रिलिकच्या कपाटावर टांगून आम्ही इतकी वर्षं मिरवली.

ॲक्रिलिकमध्ये रंगद्रव्याबरोबर प्लॅस्टिकसारख्या चिकट द्रव्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात, दुधात स्निग्धाचे असतात तसे. पाणी उडालं की ते कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा होतो, आणि तो पापुद्रा पुन्हा पाण्यात विरघळत नाही. म्हणून तर रंगवलेला मावळा ओल्या मातीच्या किल्ल्यावर चार दिवस उभा राहू शकतो. पण हीच गोष्ट बाटलीच्या तोंडाशी घडली की खडा तयार होतो. तुमच्या लाल रंगातले खडे हे असे सुकलेले तुकडे होते. पाणी घालून, गरम पाण्यात बाटली बुडवून, रात्रभर भिजवून ते जात नाहीत. गाळूनच काढावे लागतात. चहाची गाळणी त्याला फार जाड पडते, पायातला जुना नायलॉनचा पातळ मोजा उत्तम.

उघडलेल्या 20 बाटल्यांचा हिशेब असा: 13 नीट हलवल्यावर नव्यासारख्या झाल्या, चार गाळाव्या लागल्या, तीन मेलेल्या. ‘नीट हलवल्यावर’ म्हणजे मनगट दुखेपर्यंत. पांढऱ्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड पाण्याच्या चौपट जड असतं, काही वर्षं उभ्या राहिलेल्या बाटलीत ते तळाशी लाडवासारखं घट्ट बसतं. वरच्या वर हलवून थेंब काढला तर नुसतं पांढुरकं पाणी येतं आणि माणूस म्हणतो, रंग झाकत नाही. बाटलीचं टोपण काढून दात कोरायच्या काडीने आधी तळ मोकळा करायचा, मग आत स्टेनलेस स्टीलची छोटी गोळी टाकून दोन-तीन मिनिटं हलवायची. सायकलच्या बेअरिंगमधली गोळी टाकू नका, ती गंजते आणि पांढऱ्याचा बदामी होतो. (हा शोध मी स्वतःच्या खर्चाने लावला आहे.)

मेलेला रंग ओळखायची माझी पद्धत साधी आहे. आधी वास. आंबूस, कुजकट वास आला तर आत जंतू वाढलेत, फेकून द्यायचा. वास ठीक असेल तर हलवून, गाळून एक थेंब प्लॅस्टिकच्या डब्याच्या झाकणावर पसरायचा आणि दुसऱ्या दिवशी नखाने उचलायचा. पापुद्रा रबरासारखा सलग निघाला तर रंग धडधाकट आहे, कितीही वर्षांचा असो. भुगा झाला तर त्यातलं बांधून ठेवणारं द्रव्य गेलं, आता त्यात काहीही ओता, उपयोग नाही.

आता दह्याबद्दल. तुमच्या पांढऱ्याला आमच्या माळ्याने मारलं असेल असं मी धरून चाललो होतो, पण उघडलेल्या दोन्ही पांढऱ्या बाटल्या ठणठणीत निघाल्या. मग तुमच्या बिलाची आमच्याकडची प्रत काढली आणि तोंड गोरंमोरं झालं. आम्ही तुम्हाला दिलेलं थिनर अल्कोहोलचं आहे. टामिया कंपनीच्या ॲक्रिलिकला ते चालतं, उलट त्यात ते रंग छान पसरतात. पण व्हॅलेजो कंपनीच्या ‘मॉडेल कलर’सारख्या पाण्यावरच्या रंगात अल्कोहोल पडलं की तरंगणारे कण एकमेकांना धरतात आणि गुठळ्या होतात. तुमचा संच पाण्यावरचा होता. दोघांच्याही बाटलीवर ‘ॲक्रिलिक’ असंच लिहिलेलं असतं, गिऱ्हाइकाने फरक ओळखावा कसा? ओळखायचं काम काउंटरवरच्या माणसाचं होतं, आणि त्या दिवशी काउंटरवर मीच होतो.

‘पाणी घाला’ हा सल्लाही अर्धा होता. आमच्या मुलाचा दोष नाही, मीच त्याला तसं शिकवलंय. थोडं पाणी चालतं. रंगाइतकंच किंवा जास्त झालं की चिकट द्रव्य विरळ होतं, रंग पृष्ठभागाला धरत नाही, खळग्यात ओघळतो आणि कडेला डाग धरतो. जुना, घट्ट झालेला रंग पातळ करायला निम्म्याहून जास्त भर ॲक्रिलिक मीडियमचा हवा. मीडियम म्हणजे तोच रंग, रंगद्रव्याशिवायचा. दोन थेंब रंग, एक थेंब मीडियम, मग पाणी ब्रशच्या टोकाने. पाणी बोअरचं नको, गाडीच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड घ्या. पातळपणा किती, तर कप तिरका केल्यावर दूध कडेवरून ओघळतं आणि मागे पुसटशी पांढरी रेघ ठेवतं, तितका. ताकासारखा झाला तर जास्त झाला. अंगठ्याच्या नखावर ओढून बघायचं. पट्टे दिसले तर अजून घट्ट आहे, नखाच्या कडेला जाऊन साचला तर पातळ.

पट्ट्यांना आणखी एक कारण असतं आणि ते तुमच्या फोटोत मला दिसलं. अर्धवट सुकलेल्या रंगावरून ब्रश पुन्हा फिरला आहे. पापुद्रा धरत असताना त्याला ओढलं की तो फाटतो, मग सावरायला अजून रंग, अजून पट्टे. लहान मुलांना हे आवरणं अवघड आहे, मोठ्यांनाही. ब्रश भरल्यावर टिश्यूला एकदा टेकवायचा, एका दिशेने ओढायचा, आणि भोक राहिलं तरी सोडून द्यायचं. ते पुढच्या हातात भरतं. दोन हातांमध्ये निदान 20 मिनिटं, पावसाळी हवेत जास्त. पंखा बंद. पंख्याखाली रंग ब्रशवरच सुकतो. आणि तीन शून्यांचा केसाएवढा ब्रश डोळ्यांपुरता ठेवा, अंगरख्याला दोन नंबरचा घ्या, त्यात रंग जास्त मावतो.

पिवळ्याचं मात्र आमच्या माळ्याशी काही देणंघेणं नाही. नवीकोरी बाटली दिली असती तरी राखाडीवर तुम्हाला पाच हात लागले असते. तुळशीवृंदावनाला गेरू लावताना पाहिलं असेल, एका हातात खालचं सगळं झाकून टाकतो. हळद डाग पाडते, पण झाकत नाही. रंगद्रव्यांतही हाच भेद आहे. गेरू म्हणजे लोहाचं ऑक्साइड, अपारदर्शक. झगझगीत पिवळे आणि भगवे बहुधा सेंद्रिय रंगद्रव्यांचे, त्यांतून प्रकाश आरपार जातो. म्हणून पिवळ्या फेट्याखाली आधी पिवळ्या मातीचा, म्हणजे ऑकरचा, किंवा पांढऱ्याचा एक हात द्या, त्यावर पिवळ्याचे दोन पातळ हात पुरतात. भगव्या झेंड्याखालीही ऑकर. राखाडी प्रायमर आम्हीच सुचवलं होतं का, मला आठवत नाही. सुचवलं असेल तर तेही आमच्या खात्यात धरा.

पैशांचं: संचाचे आणि थिनरचे पूर्ण पैसे परत. बिल नसलं तरी चालेल, प्रत माझ्याकडे आहे. बदली संच नको असेल तर आग्रह नाही.

मावळे फेकू नका. ॲक्रिलिक पाण्याने निघत नसलं तरी आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघतं, ज्या अल्कोहोलने तुमचा पांढरा फुटला तेच इथे कामाला येतं. रेझिन फार वेळ बुडवून ठेवायचं नसतं, त्यामुळे घरी मुलीबरोबर हा उद्योग नको, उघड्या खिडकीत हातमोजे घालून आम्ही करतो. 12 मावळ्यांना एक दुपार पुरे. मग साबणाच्या पाण्याने धुऊन, सुकवून, या वेळी पांढरं प्रायमर मारून देऊ. त्याचे पैसे नाहीत.

माळा रिकामा केला आहे. जुने संच खालच्या कपाटात आणलेत, प्रत्येक बाटलीचा थेंब झाकणावर पसरून पाहिल्याशिवाय विकणार नाही, आणि खोक्यावर खरेदीचं वर्ष लिहिलंय. पाटी उतरवताना आईला थोडं वाईट वाटलं. तिची समजूत पटली, कारण पाटी आता इनॅमलच्या कपाटावर लावली आहे.

सोमवार सोडून कधीही या, सकाळी आलात तर मी निवांत असतो. येताना ती पिवळी बाटली आणि लाल बाटली घेऊन या. पिवळी चांगली असणार, ती मुलीलाच परत देऊ. लाल गाळून बघू.