किती दिवस वापरणार?

आज दातांच्या डॉक्टरकडे नंबरची वाट बघत बसलो होतो. समोर एक आजोबा, शेजारी त्यांचा मुलगा. काउंटरवरच्या मुलीने नव्या कवळीचा खर्च सांगितला, तर हा म्हणतो, "अहो, ७८ वय आहे त्यांचं. किती दिवस वापरणार?" आजोबांना ऐकू व्यवस्थित येत होतं. त्यांनी नुसता रुमाल तोंडाला लावला.

डोकंच फिरलं माझं. बापासमोर हिशोब कसला मांडतोस रे?

पण बोललो काहीच नाही. हेच वाक्य मी अण्णांना ऐकवलंय.

अण्णांची खालची कवळी सैल झाली होती. दात काढले की जबड्याचं हाड झिजत जातं, म्हणून आधी घट्ट बसणारी कवळी पुढे डुगडुगायला लागते. हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा मी "नीट बसवा ना" म्हणून मोकळा व्हायचो. आधी भाकरी दुधात कुस्करायला लागले. मग लग्नाच्या पंगतीला नको म्हणायला लागले. मग एकादशीचं भजन सुटलं. "गुडघे धरलेत" म्हणाले, आम्ही तेल आणून दिलं. खरी गोष्ट अशी, की "ज्ञानदेव तुकाराम" म्हणताना कवळी पुढे यायची. त, थ, द, ध, न. दंत्य वर्ण म्हणून शाळेत घोकलेत ना सगळ्यांनी?

पुढे पुढे ते बोलेनासेच झाले. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळी दिली. त्यातल्या काही गोळ्यांनी तोंडाला कोरड पडते, आणि कोरड्या तोंडात कवळी जास्तच टोचते. पण अण्णांच्या तोंडात डोकावलं कुणीच नाही. डॉक्टरांनी नाही, आम्हीही नाही.

हो, आई गेल्याचं होतंच. सगळं दातांमुळे झालं असं मी म्हणत नाही. मन उडालेला माणूस दात घासायचंही सोडतो, तेही मान्य.

पण मोतीबिंदू म्हटलं की आपण धावतो, आणि दात मात्र "वयाने जायचेच"! वर बोळक्यावरचे विनोद फॅमिली ग्रुपवर. अरे, २०१७ मध्ये आलेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या म्हाताऱ्यांना काठी, चष्मा, कानाचं यंत्र देतात, त्यात कवळीही आहे. सरकारला सुचलं ते मला पगार असून सुचलं नाही.

शेवटी ताई माझ्याशी भांडून त्यांना घेऊन गेली. नवी कवळी बसवून आले त्या संध्याकाळी मोरीतल्या आरशासमोर हळू आवाजात "तुकाराम, तुकाराम" चाललं होतं. मी बाहेर टॉवेल घेऊन उभा. आत जायचं धाडस झालं नाही.

११ महिने वापरली त्यांनी. मधे एक दिवाळी आली. चकली कडकन मोडून तोंडात टाकली आणि मला म्हणाले, "मऊ पडलीय रे."