नोव्हेल्लाराची धार कोण काढतो?

परराज्यातले मजूर आले की गावाचे गावपण जाते, हा वाद आमच्या नातेवाइकांत सतत चालू असतो. तासगावकडच्या द्राक्षबागांत छाटणीला बाहेरची माणसे येतात म्हणून हा संताप, आणि मी काही बोललो की ‘तू इटलीत राहतोस, तुला काय कळणार’ हे उत्तर ठरलेले. मला तर इथे राहूनच ते अधिक कळले.

रेज्जो एमिलिया प्रांतातले नोव्हेल्लारा हे शेतीवर वाढलेले लहान गाव. गोन्झागा घराण्याच्या एका शाखेने १७२८ पर्यंत इथे राज्य केले. त्यांच्या गढीत आज नगरपालिका आहे. भोवतालची बरीचशी जमीन दलदलीत कालवे खणून मिळवलेली आहे, म्हणजे ज्या मातीचा अभिमान बाळगायचा तीसुद्धा माणसांनी कष्टाने घडवलेली. तिच्यावरचा लसूणघास खाणाऱ्या गायींच्या दुधाचे पार्मिज्जानो हे कडक चीज होते. त्याचे नियम कडक आहेत: गायींना मुरघास चालत नाही, चाळीसेक किलोच्या एका चक्तीला साडेपाचशे लिटरच्या आसपास दूध लागते आणि ती किमान १२ महिने मुरवावी लागते. धार मात्र रोज दोनदा, नाताळच्या दिवशीही, काढावीच लागते. गावातली तरुण मुले या कामापासून दूर गेली, तेव्हा गोठे सांभाळले ते पंजाबातून आलेल्या शिखांनी. २००० साली त्यांचा गुरुद्वारा उभा राहिला आणि त्याच्या उद्घाटनाला युरोपीय आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष रोमानो प्रोदी आले होते. ज्या पदार्थावर हा प्रांत आपली ओळख सांगतो, तो आज परक्या हातांनी टिकला आहे.

इथेही परक्यांविरुद्ध मते मागितली जातात, पण पहाटे गोठ्यात कोण जाणार याचे उत्तर त्या भाषणांत नसते. तासगावच्या वादातही छाटणी कोण करणार हे कोणी सांगत नाही. ‘शीख कष्टाळू, आमच्याकडे येणारे तसे नाहीत’ असे माझा चुलतभाऊ म्हणतो, तेव्हा त्या मजुरांशी तो कधी बोलला आहे का, असे मी विचारतो.

बेकरीतल्या बाई मला पंजाबी समजतात आणि मी ते कधी खोडून काढलेले नाही. लंगरच्या पंगतीत मला कोणी गाव विचारत नाही. तासगावात आता पाहुणा म्हणूनच चहा मिळतो, आणि तिथल्या मजुराची बाजू घेताना मी स्वतःसाठीही भांडत असतो.